सातव्या बोल्टवर रेषा नव्हती

गॅरेजच्या दाराला मी आजवर लिंबू-मिरची टांगू दिलेली नाही. असले अनुभव सांगणाऱ्यांची तोंडावर टिंगल केली आहे. त्यामुळे तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही.

कोथरूडला माझं गॅरेज आहे, शून्यातून उभं केलेलं. गेल्या वर्षीपर्यंत शंकर मिस्त्री माझ्याकडे होता. अकोल्याचा. बारा वर्षं सांभाळला, आणि गिऱ्हाइकासमोर एकदा बोललो म्हणून हातातलं काम टाकून निघून गेला... असो.

त्याची एक शिस्त होती. इंजिनाच्या हेडचे बोल्ट एकाने आवळायचे, दुसऱ्याने तपासायचे. तपासलेल्या प्रत्येक बोल्टवर तो पिवळ्या रंगाची बारीक रेषा मारायचा.

हे घडलं त्या दिवशी लेकीचीच गाडी होती. हेड गॅस्केट गेलेलं, इंजिन तापत होतं. संध्याकाळी ती तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन ताम्हिणी घाटातून माणगावला सासरी निघणार होती. म्हणून कुणाला हात लावू दिला नाही. मधून बाहेर, क्रमाने, तीन फेऱ्यांत दहाही बोल्ट टॉर्क पान्याने आवळले; ठरलेला जोर बसला की तो पाना 'टक्' वाजतो. शेवटच्या फेरीत कानाला फोन होता, रेडिएटरवाल्याशी घासाघीस चालू होती. मीच आवळले, मीच पास केले.

शटरला कुलूप, किल्ली खिशात. वरच्या मजल्यावर जेवून वीस मिनिटांनी आलो, तर नऊ बोल्टांवर पिवळी रेषा. सातवा कोरा. बोट लावलं — रंग ओला.

डोकं फिरलं. शंकरकडे दुसरी किल्ली राहिली असणार! फोन लावून शिव्याच घातल्या. त्याने मुकाट्याने व्हिडिओ सुरू केला. पाय प्लास्टरमध्ये, मागे सून भाकरी थापतेय.

"मी तं पंधरा दिसांपासून अकोल्यातच हाओ, शेठ."

मी म्हटलं, मग रेषा काय तुझ्या भुताने मारल्या?

तो म्हणाला, "एक सोडला असन ना? गाडी देऊ नका."

एक सुटलाय हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. तुला कसं कळलं विचारलं, तर म्हणे, तोंडातून निघून गेलं.

सातव्यावर पाना लावला. 'टक्' आवाज आलाच नाही, बोल्ट नुसता फिरत राहिला. काढला तर इंजिन ब्लॉकमधल्या आट्यांचा भुगा बाहेर आला. घाटात इंजिन तापून गाडी मध्येच बंद पडली असती.

लेक चिडली, पण त्या दिवशी तिला निघू दिलं नाही. आटे नव्याने पाडून घेतले. शेजारच्या गॅरेजवाल्याला — ज्याच्याशी मी चार वर्षं बोलत नव्हतो — बोलावून सगळे बोल्ट तपासून घेतले. दुसऱ्या दिवशी ती पोचल्याचा फोन येईपर्यंत घास उतरला नाही.

समोरच्या दुकानाचा कॅमेरा पाहिला. वीस मिनिटांत एक मांजर तेवढं गेलं. पिवळ्या रंगाचा डबा तर शंकर गेला त्याच दिवशी मी फेकला होता. कुणाकडे उत्तर असेल तर सांगा.

शंकरवरचा राग आहे तसाच आहे. लेक म्हणते, गाडी छान पळते. मी तरी रोज फोन करून विचारतो, टेंपरेचरचा काटा कुठे आहे. ती हसते. यातलं तिला काहीच सांगितलेलं नाही.