अवसेच्या दुपारची पाहणी

घोडबंदरचं नाव निघालं की आजही ती आजी डोळ्यांपुढे उभी राहते. मी तेव्हा मीरा रोडच्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा घेत होतो, तोच ती आली. घोडबंदरच्या खाडीकाठी तिचं भाताचं एकच शेत. भरतीचं खारं पाणी अडवणारा बांध फुटला होता. बांधाच्या दुरुस्तीला आणि बाहेरून तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, लावायला सरकारी मदत मिळवून देतो म्हणून आमच्या हद्दीतल्या पूनम सागर वसाहतीतल्या एका एजंटाने तिचे कागद घेतले होते. आता तो ते परत देत नव्हता.

"आजी, हा दिवाणी मामला. वकील गाठा," म्हणून मी तिला वाटेला लावलं. लाज वाटते आज सांगताना.

दोन दिवसांनी एजंटाच्या ऑफिसखालचा झेरॉक्सवाला, आमचा जुना खबऱ्या, येऊन म्हणाला, "साहब, योजना-बिजना कुछ नहीं. बुढिया से जमीन बेचने का कुलमुखत्यारपत्र लिया है." डोकंच फिरलं माझं! आजीला बोलावून जबाब घेतला, गुन्हा नोंदवला आणि एजंटाला उचलला.

गडी पक्का बेरकी. "साहेब, मी तर समाजसेवा करतोय," म्हणत त्याने स्थळपाहणीचा अहवाल पुढे टाकला. त्यात लिहिलं होतं, अमुक तारखेला दुपारी बाराला अर्जदारासोबत बांधावरून फिरलो, तिथेच कुलमुखत्यारपत्राचा मजकूर वाचून दाखवून अंगठा घेतला. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. कागद इतका चोख की कुठे खोट सापडेना.

तो अहवाल मी आजीला वाचून दाखवला. तारीख ऐकून तिने विचारलं, "तवा तिथ कंची व्हती?" हवालदाराने भिंतीवरची दिनदर्शिका उलटली. अमावास्या.

आजी हसायलाच लागली. "अवसेला दुपारी उधानाची भरती. आमचा बांध सगला पान्याखाली. सायब, ह्यो काय पोहत फिरला?"

अख्खं ठाणं हसलं. साक्षीदारांना वेगवेगळं बसवल्यावर त्यांनी कबूल केलं, दोघांनी ती खाडी पाहिलीच नव्हती. कुलमुखत्यारपत्र जप्त झालं. जमीन वाचली.

मी खुशीत. आजी मात्र बाकावरून उठेना. "जमीन ऱ्हायली, बरं झालं. पन बांध? खारं पानी काय पोलिसांना भितं? खरी योजना कंच्या हापिसात हाय?"

मला ठाऊक नव्हतं. एवढा तपास केला, पण हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला जीपमध्ये बसवून निघालो. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. तिथे वर्दी बघून खुर्च्या आल्या, चहा आला, अर्जही निघाला. आजी खुर्चीच्या कडेला टेकून हळूच म्हणाली, "अशा हापिसांच्या दारातनं किती येला परत गेले, सायब. कोनी बस म्हनला न्हाय. त्या मेल्या एजंटानं पयल्या दिशी बसवलं, पानी दिलं."

पुढच्या पावसाआधी बांध उभा राहिला, बाहेरून तिवरंही लागली. निवृत्तीनंतर कधी बसने तिकडून जाताना ती तिवरं दिसतात. फार बरं वाटतं. भामटे पकडायला मी खात्यात शिकलो. पण त्यांच्याकडे माणसं आमच्याच दारातून परत फिरून जातात, हे मला त्या आजीने शिकवलं.