समुद्राच्या नावावर

माझा धाकटा भाऊ जयगडच्या बंदरात कामाला होता. पस्तिशीतच त्याचे सांधे सुजून धरायला लागले. सकाळी शर्टाची बटणं लावायला बोटं वळायची नाहीत. वहिनी लावून द्यायची आणि मी त्याला म्हातारबा म्हणून चिडवायची. करंजाचं तेल चोळून काही होईना, तेव्हा त्याला घेऊन रत्नागिरीला डॉक्टरांकडे गेले. घरात कुणाला हृदयाचा त्रास होता का, असं त्यांनी विचारलं. भावाने तोंड उघडायच्या आत मीच ठणकावून सांगितलं, नाही, वडील बोटीवरून पडून समुद्रात गेले. शाळेत विज्ञान शिकवते ना, उत्तर द्यायची घाई फार.

आम्हाला लहानपणापासून हेच सांगितलं होतं.

भाऊ बेचाळिसाव्या वर्षी ड्यूटीवर कोसळला आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेला. तेराव्याला माणसं पांगल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली आणि खाली बघत बोलायला लागली. बाबा छातीत कळ येऊन पाण्यात पडले होते. बोटीवरच्या तांडेलाने तिला तेव्हाच सांगितलं होतं. बाबांचे थोरले भाऊही असेच तरुणपणी गेले होते. घराण्यात रोग आहे असं गावभर झालं तर मुलीला कोण करून घेणार, म्हणून तिने सगळं समुद्राच्या नावावर टाकलं. ती मुलगी म्हणजे मी.

पुढच्या महिन्यात त्याच्या मुलीला, माझ्या भाचीला, तपासायला नेलं आणि त्याच डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, ही सूज सांध्यांपुरती राहत नाही, रक्तवाहिन्यांनाही आतून धरते. त्यात वडील आणि काका तरुणपणी हृदयाने गेलेले, म्हणजे धोका आणखी वाढला. तेव्हा कळलं असतं तर हृदयाच्या तपासण्या लगेच सुरू केल्या असत्या. मला रडू आलं नाही. आईचा भयंकर राग आला, आणि माझा त्याहून जास्त. आरे-वारेच्या रस्त्याने भाचीला घेऊन घरी आले.

आई पडवीत कोळंबी सोलत बसली होती. डॉक्टरांकडे जाऊन आलोय हे तिला माहीत होतं. वर न बघता तिने विचारलं, "मी तवाच सांगितलं असतं तर तो वाचला असता काय गो?"

"नाय गो आये. काय फरक पडला नसता."

तिचे हात थांबले. "माझ्या गळ्याची शपथ घे."

मी तिच्या गळ्याला हात लावला आणि शपथ घेतली.