नांदवून बघितलेली काच

काचेचा फुटलेला तुकडा हातात आला की मिस्त्री डोळे मिटत, तड्याच्या कडेवरून अंगठा फिरवत आणि विचारत, "गोल हाय का धार?"

उत्तर त्यांना अंगठ्यानं आधीच दिलेलं असे. प्रश्न समोरच्यासाठी असे.

पहिल्या भेटीत असाच एक तुकडा त्यांनी माझ्यापुढं धरला. बोट कापेल म्हणून मी जपूनच अंगठा टेकवला. कड गुळगुळीत होती. "गोल," मी म्हणालो.

"मंग चढताना फुटली. फुटल्यावर बी आगीत ऱ्हायली, म्हणून कड वळली. धार लागली असती तर उतरताना फुटली म्हणायचं. आग गेल्यावर धार कोण मोडणार?"

भट्टी तापत असते तेव्हा तिला 'चढती' म्हणत आणि निवत असते तेव्हा 'उतरती', हे मला तिथं कळलं. चढताना फुटली तर आग घाईनं दिली. उतरताना फुटली तर घाईनं निववली. एवढं जाणून घेतलं की निम्म्या चुका घरबसल्या सापडतात, असं ते सांगत.

ते काचेच्या भट्टीवरचे मिस्त्री. उमरग्याच्या बाहेर, हैदराबाद रस्त्याला लागून पत्र्याची एक शेड होती, तिथं एक सहकारी संस्था काचेच्या ताटल्या, दिव्यांच्या झाकण्या आणि दारावर लावायच्या नावाच्या पाट्या करायची. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या भागातली माणसं कामासाठी बाहेर पडली. मिस्त्री त्याच सुमारास हैदराबादच्या एका काच कारखान्यातलं काम सोडून उलटे गावी आले, कारण वडील खडी फोडण्याच्या कामावर आजारी पडले होते. पुढं संस्था निघाली आणि भट्टी बांधणारा माणूस आयताच सापडला. मी तेव्हा उस्मानाबादच्या एका दैनिकात होतो. सहकारी उद्योगांवर एक मजकूर लिहायचा म्हणून गेलो आणि नंतर कामाशिवायही जात राहिलो.

माझा पहिला मजकूर छापून आला, त्यात 'येथे काच वितळवली जाते' असं वाक्य होतं. पुढच्या खेपेला त्यांनी अंक काढून समोर ठेवला.

"साहेब, तुमच्या पेपरात काच वितळली."

"मग काय करता तुम्ही?"

"निजवतो. एका काचेवर दुसरी ठेवायची, आग द्यायची, दोघी मऊ झाल्या की एकमेकींवर निजतात. वितळली असती तर आज आमी फरशी खरवडत बसलो असतो."

बायका हसल्या. शेडमध्ये सात-आठ बायका काम करत. काच कापणं, पुसणं, मांडणं त्यांच्याकडं होतं. त्यांतल्या शांताबाई भट्टीवर बसायच्या. त्यांचं घर धनगराचं. मेंढरं दुष्काळात गेली, नवरा त्याआधीच गेला होता. भट्टीच्या डोळ्यातून, म्हणजे विटेएवढ्या भोकातून, काचेकडं बघत बसायचं आणि ती ओल्यासारखी चमकायला लागली की बर्नर कमी करायचा, हे काम मिस्त्रींनी त्यांना शिकवलं होतं. आग बंद झाली की सगळी भोकं मातीनं लिंपायची आणि दीड दिवस हात लावायचा नाही. हा दीड दिवस सांभाळणं सगळ्यांत अवघड, असं मिस्त्री म्हणत. काही करायचं नसतं म्हणूनच माणूस काहीतरी करून बसतो.

पाण्याची टंचाई त्या शेडमध्ये काचेवर दिसायची. मांडण्याआधी प्रत्येक तुकडा धुवायला हवा, पण दिवसाला मिळायच्या दोन बादल्या. एकदा भट्टीतून ताटली निघाली, तिच्यावर पांढऱ्या सायीसारखा डाग होता आणि डागात बोटाच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. मिस्त्रींनी ती उजेडात धरली.

"कुणाचं बोट हाय हे? या एकेक."

बायका खरोखरच रांगेनं येऊन बोटं लावून बघायला लागल्या. डाग शेवटी मिस्त्रींच्याच डाव्या अंगठ्याशी जुळला. त्यांनी ताटली खाली ठेवली. "बरं झालं आमी चोर न्हाय झालो," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी घावलो असतो." त्या दिवसापासून काच धुण्याऐवजी चुन्याची भुकटी आणि कोरडं सुती फडकं वापरायला त्यांनी सुरुवात केली. बादलीतलं पाणी फक्त शेवटच्या हाताला.

आता त्यांच्या एका शब्दाविषयी सांगायला हवं.

काचा दिसायला सारख्या असल्या तरी तापल्यावर सारख्या वाढत नाहीत आणि निवताना सारख्या आकसत नाहीत. खिडकीची काच आणि बांगडीची काच एकत्र निजवली तर भट्टीतून सुरेख निघते आणि चार दिवसांनी आपोआप तडकते. संस्था सुरू झाली तेव्हा गावानं हौसेनं पिचलेल्या बांगड्यांची पोती आणून दिली होती. फुकटचा रंग मिळाला म्हणून सगळे खूश होते. आठवड्याभरात सगळा माल तडकला.

संस्थेचे चेअरमन मोठे शेतकरी, मनानं चांगले, बोलायला मोकळे. ते म्हणाले, "दोन जातीच्या काचा. जमायच्या कशा?" धंद्यातही हाच शब्द होता. अमुक जातीची काच, हलक्या जातीची काच.

मिस्त्री बौद्ध. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा ते शाळकरी होते. चेअरमनना त्यांनी उलट उत्तर दिलं नाही. शेडमध्ये मात्र तो शब्द चालत नसे. नव्या बाईच्या तोंडून आला तर ते हातातलं काम थांबवत.

"जात न्हाय म्हणायचं. नांदती का न्हाय, ते म्हणायचं."

"आन् ते कसं कळावं, दादा?"

"नांदवून. दुसरं काय?"

रंगाच्या काचेचा नवा गठ्ठा आला की त्यातली एक कपची ते साध्या काचेच्या पट्टीवर निजवत आणि ती पट्टी आठ दिवस खिडकीत ठेवत. दिवसा ऊन, पहाटे गारवा. आठ दिवसांत तडा गेला नाही तर गठ्ठा वापरायचा. खिडकीत अशा पट्ट्यांची रांग असे आणि प्रत्येकीखाली खडूनं तारीख. चेअरमन एकदा म्हणाले, "मिस्त्री, सोयरीक जमवायला इतका येळ लागत न्हाय." मिस्त्री म्हणाले, "म्हणून तर माघारी येत्यात, साहेब."

ऐंशीनंतर केव्हातरी संस्थेला पहिलं मोठं काम मिळालं. एका साखर कारखान्याच्या कामगार वसाहतीत घरं बांधून झाली होती. प्रत्येक दारावर काचेची पाटी हवी होती, पांढऱ्या काचेवर निळी अक्षरं. जिल्ह्याच्या कचेरीत त्याच वेळी ही भट्टी बंद करण्याचा विचार चालू होता. हे काम नीट उतरलं तर भट्टी राहणार, असं चेअरमन उघड सांगत.

पाट्या वेळेत गेल्या, बसल्या, माझ्या दैनिकात फोटोही आला. मग एकेक पाटी तडकायला लागली. हात न लावता. कुणी दुपारी जेवत असताना टिचकीसारखा आवाज ऐकला, कुणाला घराबाहेर पडताना आपलं नाव दोन ठिकाणी तुटलेलं दिसलं.

शेडमध्ये बैठक झाली, तेव्हा मी होतो. मध्ये सतरंजीवर तडकलेल्या पाट्या मांडल्या होत्या. चेअरमननी एक उचलली आणि मिस्त्रींसारखेच डोळे मिटून अंगठा फिरवला.

"धार हाय," ते म्हणाले. "मिस्त्री, तुमच्याच परीक्षेनं सांगा. धार म्हणजे उतरताना घाई झाली, मग दारावर जाऊन फुटली. उतरताना भट्टीवर कोण हुतं?"

सगळ्यांनी शांताबाईंकडं बघितलं.

"म्या लिंपण काढलं न्हाय," शांताबाई म्हणाल्या. "दीड दिस बसले. घरी बी गेले न्हाय."

"मागं एकदा काढलं हुतं की," चेअरमन म्हणाले.

"एकदा काढलं हुतं. तवा सांगितलं बी हुतं."

समितीतला एक जण म्हणाला, बाईला कामावरून कमी करावं आणि कचेरीला तसं लिहून द्यावं, म्हणजे संस्थेवर ठपका येणार नाही. चेअरमनना ते पटलेलं दिसलं. शांताबाईंनी पदर खोचला आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. ते काम गेलं असतं तर त्यांना रस्त्यावरची खडी होती, दुसरं काही नव्हतं.

मिस्त्री पाट्यांपुढं उकिडवे बसले होते. त्यांनी अंगठा फिरवला नाही. एकेक पाटी उजेडाकडं धरून ते तडा कुठून कुठं जातो ते बघत होते. सगळ्या बघून झाल्या तेव्हा त्यांनी एक चेअरमनच्या हातात दिली.

"तडा बघा, साहेब. अक्षराच्या कडंकडंनं गेलाय. घाईनं निववली असती तर तडा आडवा गेला असता, अक्षर बी कापून गेला असता. हा अक्षराला वळसा घालतोय. निळी काच नांदली न्हाय."

"पण निळी तर तुम्ही खिडकीत ठेवून बघितली हुती."

"पहिला गठ्ठा बघितला. तो निम्म्यात संपला. दुसरा आला त्यावर चिठ्ठी तीच, दुकान तेच, रंग तोच. म्या चिठ्ठी बघितली. काच बघितली न्हाय."

चेअरमननी पाटी खाली ठेवली आणि आवाज उतरवून म्हणाले, "मिस्त्री, जाऊ द्या. तुमचं नाव लागलं तर भट्टीच बंद करतील. बाईला दुसरीकडं कुठंतरी लावून देऊ आपण."

"बाईनं सांगितलेलं केलं. म्या सांगितलेलं चुकलं. लिहायचं तर तसं लिहा."

"आन् भट्टी गेली तर?"

"गेली तर गेली, साहेब. दुसऱ्याच्या नावावर ठेवायची कशाला?"

मग ते माझ्याकडं वळले. "तुमी बी लिहा. समोर हाय सगळं."

मी लिहिलं. दैनिकात आलं ते असं: 'वसाहतीतील पाट्यांना तडे, चौकशी सुरू.' बाकीचा मजकूर जागेअभावी गेला. आठ दिवसांनी मिस्त्री एस.टी.नं उस्मानाबादला आले, आमच्या दैनिकाचा जिना चढून माझ्या टेबलापाशी उभे राहिले.

"साहेब, चौकशी सुरू न्हाय. संपली. चूक घावली, माणूस घावला. तेवढं छापा."

संपादक म्हणाले, बातमी जुनी झाली. मी मिस्त्रींना चहा पाजला आणि हे सांगितलं. त्यांनी मान हलवली. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "पेपर बी लवकर निवतो की हो." त्यात राग नव्हता. दुपारच्या गाडीनं ते परत गेले.

पाट्या त्यांनी नव्यानं केल्या. रंग सोडून दिला. ज्या काचेची पाटी त्याच काचेतून अक्षरं कापली आणि तिच्यावर निजवली. बिनरंगी उंच अक्षरं, समोरून नीट दिसत नव्हती, बाजूनं ऊन आलं की उठून दिसायची. वसाहतीतल्या लोकांनी थोडी कुरकूर केली आणि मग सवय झाली. त्यांतली एकही तडकली नाही. कचेरीनं भट्टी बंद केली नाही. कारण काय ते मी शोधलं नाही. मिस्त्रींनी स्वतः समितीला सांगितलं की भट्टीची जबाबदारी शांताबाईंकडं द्यावी, मी मांडणी बघतो. आपल्याकडं माणूस एक पायरी उतरला की लोक कारण विचारतात. विचारलं की ते म्हणत, "उतरती अवघड असती. म्हणून जपून उतरलो."

त्यानंतर पाच-सहा वर्षं ते शेडमध्ये होते. धाप लागायची. एका उन्हाळ्यात सकाळी ते गेल्याचा निरोप आला आणि मी उमरग्याला पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परतली होती. घरापुढं मांडवाच्या सावलीत बायका पांढऱ्या लुगड्यांत बसल्या होत्या. संस्थेतल्या सगळ्या आल्या होत्या. शांताबाई नव्हत्या. एक-दोघींनी ते बोलूनही दाखवलं. "ज्याच्यामुळं चूल पेटली त्याला बघायला बी आली न्हाय," एकीनं म्हटलं. मिस्त्रींची बायको त्यांच्यातच बसली होती.

दुपार टळल्यावर शांताबाई आल्या. चालत आल्या होत्या. कोपरापर्यंत हात चिखलानं आणि चुन्यानं भरलेले. त्या मांडवाच्या कडेला उभ्या राहिल्या.

"आग पहाटंच बंद केली हुती, वैनी," त्या म्हणाल्या. "लिंपणाला भेगा पडत हुत्या. सोडून येता आलं न्हाय. आता लिंपण धरलंय."

मिस्त्रींच्या बायकोनं सरकून सतरंजीवर जागा केली. शांताबाई बसल्या, हात मांडीवर उताणे ठेवून, कुठं लागू नयेत असे.

मिस्त्रींच्या बायकोनं विचारलं, "काय हाय आत?"

"शाळंचे दिवं. झाकण्या."

"कवा उघडायची?"

"उद्या सांजच्याला."

"मंग उद्या येऊन सांग."

"सांगते," शांताबाई म्हणाल्या.

मी संध्याकाळच्या गाडीनं उस्मानाबादला परत आलो. भट्टी उघडल्यावर काय निघालं, ते मला कळलं नाही.