छातीवरचे भस्म आणि माझी मॅमोग्राफी

पुरुषालाही स्तन असतो, हे मला बहात्तराव्या वर्षी नांदेडच्या एका तपासणी केंद्रात अधिकृतरीत्या कळले. या प्रसंगाची जी आवृत्ती आमचे जावई लग्नकार्यांत सांगत फिरतात, ती निखालस खोटी असल्यामुळे सत्य नोंदवणे मला भाग आहे.

डाव्या स्तनाग्राखाली सुपारीएवढी गाठ हाताला लागली. कॅन्सर नाही याची खात्री करून घ्या, असे म्हणून उदगीरच्या डॉक्टरांनी मॅमोग्राफी करायला सांगितली. ती बायकांची तपासणी आहे, असे मी सप्रमाण मांडले.

"गाठीला काय ठाऊक, ही गड्याची छाती हाय म्हणून?" सौभाग्यवती म्हणाल्या. जावयांनी गाडी काढली.

केंद्रात सगळ्या बायकाच बसलेल्या. त्या हिच्याकडे कळवळून पाहत होत्या. (हिने ती सहानुभूती आणि शेजारच्या बाईने पुढे केलेला चिवडा, दोन्ही स्वीकारले.) माझ्या नावाचा पुकारा झाला आणि मी उठलो, तेव्हा चिवड्याचा डबा बंद झाल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला.

आत तपासणी करणाऱ्या मुलीने विचारले, "काका, छातीला पावडर, मलम काही लावलंय का?"

"पावडर मी जन्मात लावलेली नाही."

हे अक्षरशः सत्य होते. स्नानानंतर मी कपाळाला, दंडांना आणि छातीला लावतो ते भस्म. भस्माला पावडर म्हणणारा आमच्या घराण्यात अद्याप जन्मलेला नाही. छातीवरच्या पांढऱ्या केसांत ते तिला दिसले नाही, यात माझा काय दोष?

यंत्राच्या दोन पाट्यांमध्ये तिने माझी छाती, जेवढी हाती लागली तेवढी, दाबली. जावई म्हणतात, मी ओरडलो. मी शिवाचे नाव घेतले, किंचित मोठ्याने.

थोड्या वेळाने डॉक्टरबाईंनी आम्हा तिघांना आत बोलावले. "फोटोतले हे पांढरे ठिपके मला बरे वाटत नाहीत. कधी कधी कॅन्सरमध्ये असे दिसतात."

इथे मी बेशुद्ध पडलो, असे जावयांचे म्हणणे. साफ खोटे. मी बसलो. तिथे खुर्ची नव्हती, हा केंद्राचा दोष.

हिने माझे मनगट घट्ट धरले आणि ती काहीच बोलली नाही. उभ्या संसारात असे प्रथमच घडत होते. ठिपक्यांपेक्षा मला त्याचीच भीती वाटली. मग ती हळूच म्हणाली, "बाई, ते भस्म तर नसंल? तपासणीला जायचं म्हणून आज यांनी लई लावलंय. रक्षण व्हावं म्हणून."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी भिंतीकडे पाहिले.

ओल्या कापसाने माझी छाती पुसण्यात आली. पुन्हा पाट्या, पुन्हा शिव. ठिपके गेले होते. सोनोग्राफीही झाली.

"कॅन्सर नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही घेता त्या हृदयाच्या गोळीमुळे डावीकडची ग्रंथी वाढलीय. गोळी बदलून घ्या. बाकी दोन्हीकडे नुसती चरबी आहे."

"चरबी? बाई, ही तालमीत कमावलेली छाती आहे."

"कधी?"

हा प्रश्न वैद्यकीय नव्हता, म्हणून मी उत्तर दिले नाही.

गाडीत ही डोळे पुसत हसत होती. "देव पावला. आता तरी गप बसा."

कॅन्सर नाही, हे निदान मी तत्काळ आणि विनाशर्त मान्य केले. चरबीबाबत मात्र दुसरे मत घ्यायला सोमवारी लातूरला जाणार आहे.