पाठीच्या ओपीडीतलं ‘नाही’

आमच्या ओपीडीत किस्से कोणी गोळा करत नाही. फायली साठतात तसे तेही साठतात, आणि संध्याकाळी घरी चपला काढल्या की एकेक आठवतो. मी मुलुंडच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. जन्मापासून पाठीचा कणा वाकडा असलेली मुलं आमच्याकडे येतात. त्यांचे आईबाबा आमच्या सर्जन मॅडमना हमखास एकच विचारतात, स्टेम सेलने होईल का? मॅडम ‘नाही’ म्हणतात. रोज म्हणतात.

बोरीवलीचे एक बाबा होते, बँकेतले. मुलाच्या जन्माच्या वेळी नाळेतलं रक्त त्यांनी स्टेम सेलसाठी जपून ठेवलं होतं. मॅडमनी त्यांना अर्धा तास समजावलं. मणका आईच्या पोटातच अर्धा घडलाय, पेशी टोचून तो पुरा होत नाही, वाढीवर लक्ष ठेवू, लागलं तर ऑपरेशन करू. बाबांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. दारापाशी गेले, वळले आणि म्हणाले, “पण मॅडम, दोन डोस दिले तर?”

माहुलहून एक आजी नातवाला घेऊन यायची. पोराच्या पाठीला पट्टा होता. शेजारणीने तिच्या डोक्यात काहीतरी भरवलं असावं. मॅडमना विचारायची लाज वाटली म्हणून मला बाजूला घेऊन तिने हळूच विचारलं, “बाय, किती सेल लागतात गं? मोठे की पेन्सिलवाले?”

मला हसू आलं नाही. बँकवाल्या बाबांनी तरी वेगळं काय विचारलं होतं?

घाटकोपरच्या एका जोडप्याच्या मुलीचं ऑपरेशन ठरलं होतं. पाच वर्षांची पोर. ते आलेच नाहीत. दीड वर्षाने उगवले, मध्ये दुसऱ्या शहरात पोरीला स्टेम सेलची तीन इंजेक्शनं देऊन. पाठ आणखी वाकली होती. आता मॅडम फाडून खाणार, असं मला वाटलं. त्या नुसत्या एक्स-रे बघत राहिल्या. शेवटी बापालाच राहवेना. “मॅडम, रागवा ना.”

“रागावले तर पाठ वाकायची थांबेल का? तारीख घ्या.”

ऑपरेशन नीट झालं. मुलगी शाळेत जाते. बाप अजून मॅडमच्या नजरेला नजर देत नाही.

गेल्या महिन्यात मॅडमची मुलगी बाळंत झाली. पेढे काही आले नाहीत. चौथ्या दिवशी ओपीडी संपल्यावर मॅडम माझ्या खोलीत आल्या, दार लोटलं आणि एक छोटासा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. एक मणका अर्धा होता. मी पाणी पुढे केलं, त्यांनी घेतलं नाही.

“सुरेखा, त्या स्टेम सेलवाल्यांपैकी कुणाचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?”

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं. “मॅडम, तुम्हीच तर सगळ्यांना सांगता...”

“ते डॉक्टर सांगते,” त्या म्हणाल्या. “हे आजी विचारतेय.”