बोंडअळीच्या सालचा फोटो

कुणी मोबाइल पुढे केला की तो आधी सदऱ्याच्या टोकाने काच पुसायचा, मग चष्मा कपाळावर चढवायचा, आणि फोटोकडे न पाहता मोबाइल देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून विचारायचा, "तू गेलता का तिथं?" समोरचा अर्थातच गेलेला नसायचा. मग तो मोबाइल परत देऊन म्हणायचा, "बरं. मी पाहून येतो." आणि खरोखर जायचा. यानेच तर माझ्या पोटात दुखायचं.

त्याला तोंडावर मी काका म्हणायचो. मनात कधी अहोजाहो केलं नाही, म्हणून इथंही करत नाही. केलं तर ते ढोंग होईल.

आमचं गाव घाटाखालचं, खामगावच्या बाजारपेठेला जवळचं. तो गावात पेपर टाकायचा आणि त्याच पेपरचा वार्ताहरही होता. खेड्यांत असंच असतं. पहाटे गठ्ठे सोडायचे, सायकलवर पेपर वाटायचे आणि दुपारी जुन्या स्कूटीवर बातमीमागे हिंडायचं. पगार नाही. माझा स्टँडवर फोटो स्टुडिओ. लग्नाचे अल्बम, पासपोर्ट फोटो, झेरॉक्स. शिवाय गावाच्या बातम्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप मी चालवायचो. त्याची बातमी दुसऱ्या दिवशी यायची, माझी दहा मिनिटांत. तरी माझी बातमी वाचून लोक काय विचारायचे? "पेपरवाल्या काकाले इचारलं का?"

एकदा बिबट्याचा फोटो आला. पाटाच्या कडेला, दिवसाढवळ्या, ऐटीत उभा. मी लगेच ग्रुपवर टाकला. गावात दारं बंद, बाया निंदायला जाईनात. हा बाबा एकटा स्कूटी घेऊन पाटावर गेला, दोन तास तिथं बसला, येताना एका गुराख्याला सोबत घेऊन आला. बिबट्याने मारली म्हणत होते ती त्या गुराख्याची शेळी कुत्र्यांनी मारली होती. फोटोतला बिबट्या कुठल्या मुलखातला होता देव जाणे, आमच्या पाटाला तसली दगडी पायरीच नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया शेतात. माझ्या ग्रुपवर कुणीतरी हसण्याचं चित्र टाकलं, आणि मी त्याला ग्रुपमधून काढलं.

बियाण्याच्या वेळी तर त्याने माझं गिऱ्हाईकच घालवलं. कृषी केंद्रासाठी मी मोठा फ्लेक्स बनवला होता. कपाशीचं एकच झाड, पण बोंडांनी असं लगडलेलं की पान दिसू नये. लोक येता-जाता थांबून बघायचे. याने पत्ता काढला, ते शेत शोधून आला आणि पेपरात तीन ओळी दिल्या: हे झाड नदीकाठच्या बागायतीचं आहे, त्याला ठिबकने पाणी आहे, कोरडवाहूवाल्यांनी त्याच्याशी बरोबरी करू नये. संपलं. कृषी केंद्राचा मालक फ्लेक्स उतरवून माझ्या दुकानासमोर टाकून गेला. मी याला म्हटलं, काका, तुमचं काय जात होतं? तो म्हणाला, माझं काही नाही, पण फोटो पाहून माणूस वावर पेरते. मला राग आला तो त्याचं खरं होतं याचा.

मग बोंडअळीचं साल आलं. तुम्ही कापूसवाल्या मुलखातले असाल तर जास्त सांगायला नको. बीटी कपाशीला अळी लागत नाही म्हणता म्हणता बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी. लोकांनी उभी पिकं उपटली. गजाननरावांच्या शेतात त्या दिवशी मी कॅमेरा घेऊन होतो. गजाननराव मोठे मानी. त्यांनी उपटलेल्या ढिगाला स्वतः काडी लावली आणि मग बाजूला होऊन उपरण्यात तोंड घालून रडायला लागले. शेजारच्या बांधाचे शब्बीरभाई सकाळपासून त्यांच्याबरोबर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची झाडं, उपटत होते. डोक्याला टोपी, हातात पेटती पऱ्हाटी, ढीग चहूबाजूंनी पेटावा म्हणून ते कडेकडेने आग लावत फिरत होते. मी फोटो काढला. माझ्या हातून झालेला तो सगळ्यात चांगला फोटो.

जिल्ह्याच्या गावी शेतीवरच्या फोटोंची स्पर्धा होती. फोटो पाठवताना मला वाटलं, गजाननराव अगदी कडेला आलेत, पाठमोरे, नजर तिकडे ओढली जाते. मी त्यांना कापलं. उरल्या ज्वाळा, धूर आणि पेटती पऱ्हाटी हातात घेतलेला टोपीवाला माणूस. चित्र एकदम उठून दिसलं. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. तो कापलेला फोटो मी महिनाभर स्टेटसला ठेवला, कोपऱ्यात माझं नाव टाकून. कुणाचं वाईट करायचं माझ्या मनात नव्हतं, एवढं तरी माना.

दोन वर्षं गेली, माझं ते स्टेटस गाव विसरून गेलं. कुठल्यातरी लांबच्या शहरात दंगल झाली आणि आमच्याकडे मोबाइल तापायला लागले. ऐन कापूस वेचणीचे दिवस. त्यातच एक फोटो फिरत आला. वर लिहिलं होतं, घाटावर त्यांनी आपल्या माणसाचा कापूस पेटवला, आता आपल्या शिवारावर डोळा आहे, जागे व्हा. खाली माझा फोटो.

खरं सांगतो, मजकूर मी नंतर वाचला. आधी कोपरा पाहिला. माझं नाव कुणीतरी छाटून टाकलं होतं. त्याचाच मला संताप आला. मग वाटलं, बघा, सगळ्या मुलखाने पाहिला माझा फोटो. छाती फुगली की हो माझी. ग्रुपवर तो तीनदा आला आणि मी तिन्ही वेळा राहू दिला.

संध्याकाळी हा माणूस दुकानात आला. स्टुलावर बसला, मोबाइल काढला. त्या दिवशी त्याने मला "तू गेलता का" विचारलं नाही.

"हा तुहा फोटो हाय," तो म्हणाला.

मी विचारलं, कशावरून? तो सांगायला लागला. पऱ्हाटीला अजून बोंडं आहेत. चांगल्या साली कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटी सरपणाला घरी नेतात, चूल पेटते तिच्यावर. बोंडांसकट वावरात कोण जाळतं? बोंडअळीच्या सालीच जाळली. आणि त्या साली या शिवारात कॅमेरा फक्त तुझ्याकडे होता. एवढं त्याने फोटो पाहून काढलं होतं. मी फोटो काढणारा, माझ्या ते ध्यानातही आलं नसतं. इथंही त्याने मला मागे टाकलं.

मग म्हणाला, "हे शब्बीर हायेत. कोनाच्या तरी वावरात उभे हायेत. पुरा फोटो असन न तुह्यापाशी?"

पुरा फोटो माझ्यापासून दीड हातावर, कॉम्प्युटरमध्ये होता. पण माझ्या डोक्यात काय आलं सांगू? फोटो माझा, आणि उद्या पेपरात येणार तो याच्या नावावर. गाव म्हणणार, काकाने खरं शोधून काढलं. पुन्हा काका. आयुष्यभर हाच खरा आणि मी उपटसुंभ.

"डिलीट झाला, काका," मी म्हणालो.

तो थोडा वेळ कॉम्प्युटरकडे पाहत राहिला. मग चष्मा नाकावर घेतला. "बरं. सापडला त आन," एवढं म्हणून निघून गेला.

फोटोतला टोपीवाला कोण ते गावाने ओळखलं होतं; दुसऱ्या दिवशी शब्बीरभाईंच्या शेतात वेचणीला एकही बाई गेली नाही. पंधरा वर्षं त्याच बाया त्यांचा कापूस वेचायच्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उचलला नाही, नुसतं गेलं नाही कुणी. त्यांच्या बांधावर दोन पोरं गाड्या उभ्या करून तासभर थांबली, एवढंच. चौथ्या दिवशी शब्बीरभाई बायको-सुनांना घेऊन खामगावला सासुरवाडीला निघून गेले. फुटलेला कापूस झाडावर लोंबत राहिला. मी स्टँडवरून त्यांना एसटीत चढताना पाहिलं. पुरा फोटो दाखवायला मला अजूनही वेळ होता. मी दुकानात जाऊन झेरॉक्स काढत बसलो.

हा मात्र हिंडत होता. गजाननराव अळीच्या सालानंतर जमीन मक्त्याने देऊन लेकीकडे राहायला गेले होते, घाटावर. दुसरबीडच्याही पुढचं कुठलंसं खेडं. ते लेकीकडे आहेत एवढंच लोकांना ठाऊक, लेक कुठं दिली ते कुणाला आठवेना. याने विचारत विचारत ते गाव काढलं. साठीचा माणूस, कंबर धरलेली, घाट चढून स्कूटीवर गेला. गजाननरावांना एसटीत बसवून गावात आणलं आणि खामगावहून शब्बीरभाईंनाही. दोघांना त्याच शेतात उभं करून आपल्या मोबाइलवर फोटो काढला.

तो फोटो तुम्ही पाहायला हवा होता. हललेला. दोघांचे पाय कापलेले. मध्येच स्वतःच्या अंगठ्याची सावली. माझ्याकडे कुणी असा फोटो आणला असता तर मी धुवून द्यायलाही लाजलो असतो. खाली गजाननरावांचं म्हणणं दोन ओळींत: वावर माझं, काडी मी लावली, शब्बीर माझ्या मदतीला होता. तो हललेला फोटो गावोगाव गेला. लोकांनी मानला. माझा फोटो त्या आठवड्यातच लोकांनी टाकून दिला. वेचणाऱ्या बाया खाली माना घालून शब्बीरभाईंच्या शेतात परत गेल्या, पण त्याआधी दोन दिवस अवकाळी पडून गेला होता. भिजून काळा पडलेला कापूस वेचायला त्या गेल्या.

गावाने त्याचा सत्कार केला. फोटो काढायला मलाच बोलावलं होतं. मी मुद्दाम त्याचे डोळे मिटलेले असताना बटण दाबलं. इतका जळत होतो मी.

नंतर तो दुकानात यायचा, झेरॉक्स काढायचा, कापसाचा भाव बोलायचा. त्या फोटोचा विषय त्याने एकदाही काढला नाही. मला वाटलं, आपलं खपलं. कधी कधी जाताना दारात क्षणभर थांबायचा, काही राहिलंय का आठवल्यासारखा. मी कामात असल्याचं दाखवायचो.

पुढे तो आजारी पडला. महिनाभर खाटेवर होता. मी एक दिवस पुऱ्या फोटोची मोठी प्रिंट काढली, कागदात गुंडाळली आणि त्याच्या घरी गेलो. पाहतो तर अंगणभर माणसं. वेचणाऱ्या बाया, कृषी केंद्राचा तोच मालक, शाळेतली पोरं. मला वाटलं, मी खाटेवर पडलो तर कोण येईल? त्या विचाराने असं काही वैतागलो की प्रिंट काखेत तशीच धरून, पाणी पिऊन परत आलो. तो माझ्या काखेकडे पाहत होता. चार दिवसांनी तो गेला.

त्यानंतरच्या आठवड्यात मी ती प्रिंट घेऊन शब्बीरभाईंच्या शेतात गेलो. ते तुरीला पाणी देत होते. मी कागद सोडला. ज्वाळा, टोपीवाले शब्बीरभाई, आणि कडेला उपरण्यात तोंड घातलेले गजाननराव. मी म्हणालो, हा माझ्याकडे होता. तेव्हाही होता.

त्यांनी हात पुसले. प्रिंट हातात घेतली, पण माझ्यावर ओरडले नाहीत.

"मले ठाऊक होतं," ते म्हणाले. "काकाहिनं त्याच दिवशी सांगतलं होतं, फोटो तुमच्यापाशी हाय म्हनून. मी निंगालो होतो तुमच्या दुकानात याले."

"मग आले का नाही?"

"त्याहिनं येऊ देल्लं नाई. म्हने, थो वाईट मानूस नाई, शब्बीर. सोता आनून देईन. आपुन मांगाले गेलो त त्याच्या हातानं देनं राहून जाईन."

 पाण्याचा दांड फुटून पाणी भलत्या सरीत शिरायला लागलं होतं. शब्बीरभाईंनी प्रिंट माझ्या हातात परत दिली आणि फावडं उचललं.

"मी वरीसभर वाट पाह्यली," ते बांध घालता घालता म्हणाले, "मंग सोडून देली. त्याहिनं नाई सोडली. खाटीवर होते तवा गेलतो मी भेटाले. मले म्हने, काल आलता थो. आनला होता त्यानं."