चार तासांचा झेंडा

माझी नणंद चष्म्याच्या काचा घासते. डॉक्टरने लिहून दिलेला नंबर बघायचा, काच यंत्रात धरायची, फ्रेमच्या मापाने कडा उतरवायच्या आणि बसवून द्यायची, हे काम ती एका लहानशा कारखान्यात एकोणीस वर्षं करते आहे. मी तिची वहिनी. धावण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. बस सुटली तर मी पुढच्या बसची वाट बघते. पण तिचं जे झालं ते सगळ्यात जवळून मीच पाहिलं, म्हणून सांगते.

ती आमच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत राहते. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायचं धाडस आमच्या घरात कुणाला झालं नाही. जेवायला मात्र खाली आमच्याकडे. तेहतिसाव्या वर्षी एक दिवस कामावरून घरी न येता ती थेट मैदानावर गेली आणि धावायला लागली. दोन वर्षांत तिने बेचाळीस किलोमीटरची शर्यत पुरी केली. तिची खुबी वेगात नव्हती. खुबी अशी की पहिला किलोमीटर जेवढ्या वेळात, तेवढ्याच वेळात चाळिसावा. हातात घड्याळ नसलं तरी चालेल. धावणाऱ्यांच्या क्लबातल्या लोकांनी तिचं नाव ‘काटा’ ठेवलं. आमचे हे म्हणायचे, "घड्याळाचा की बाभळीचा, ते तिच्या मूडवर आहे."

अशा माणसाला शर्यतीत एक काम देतात. पाठीवर छोटा झेंडा बांधायचा, त्यावर लिहिलेलं असतं ‘४ तास’. ज्यांना चार तासांत शर्यत संपवायची असेल त्यांनी डोळे मिटून त्या झेंड्यामागे जायचं. याला ते पेसर म्हणतात. काटाने सहा वर्षं तो झेंडा नेला आणि सहाही वर्षं चार तासांत अर्ध्या मिनिटाचाही फरक न करता पोचली. शेवटी अनोळखी माणसं तिच्या गळ्यात पडून रडायची. ती अवघडून उभी राहायची आणि घरी आल्यावर सांगायची, "आज चौदा जण पोचले." स्वतःबद्दल अवाक्षर नाही.

सातव्या वर्षाच्या शर्यतीआधी तिची नडगी दुखायला लागली. हाडाला केसाएवढी भेग निघाली. डॉक्टरांनी सहा आठवडे धावणं बंद केलं. त्या सहा आठवड्यांत ती आमच्या घरात परक्यासारखी वावरली. संध्याकाळी साडेचारला जिन्याच्या पायरीवर बूट घालून बसायची आणि सहाला ते काढून वर जायची. मी विचारलं तर म्हणे, "सवय आहे गं पायांना." आठवडे संपले तशी ती पुन्हा धावायला लागली आणि मी म्हटलं, सुटलो.

सुटलो नव्हतो. सकाळी दहा किलोमीटर, संध्याकाळी पुन्हा दहा. डबा अर्धा परत यायचा. जेवताना ताटातलं इकडून तिकडे करायची आणि "कामावर खाल्लंय" म्हणायची. गालफडं बसली. आणि मी काय केलं? मी तिला म्हटलं, "काय छान बारीक झालीस गं!" हे वाक्य मला अजून टोचतं. तिची पाळी आठ महिने आली नव्हती, हे मला नंतर कळलं. एका घरात राहून.

कारखान्यातही चुका व्हायला लागल्या. एका आजोबांच्या चष्म्यात तिने डाव्या डोळ्याचा नंबर उजव्या काचेवर घातला. ते बिचारे चार दिवस तसाच लावून फिरले आणि पायरीवरून पडता पडता वाचले. मालक ओरडला नाही, नुसता म्हणाला, "तुझ्याकडून?" ते तिला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. त्या संध्याकाळी ती वीस किलोमीटर धावली.

क्लबात एक सर आहेत, तिशीत स्वतः मोठे धावपटू होते. मनाने चांगला माणूस. पण त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "डोकं घरी ठेवून या, पाय तेवढे आणा." सगळे हसायचे. तिने एकदा त्यांना सांगून पाहिलं होतं म्हणे, की सर, झोप लागत नाही, कशात मन लागत नाही. ते म्हणाले, "शर्यत जवळ आली की सगळ्यांचं असंच होतं. मन घट्ट कर." तिने घट्ट केलं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी साडेनऊला मला फोन आला. अनोळखी माणूस. "मी ताईंच्या मागे धावत होतो. त्यांच्या शर्यतीच्या नंबरामागे तुमचा फोन लिहिलाय. त्या शाळेच्या पायऱ्यांवर बसल्यात. लागलेलं काही नाही. पण बोलत नाहीयेत. तुम्ही या." हा माणूस पंक्चरवाला. त्याचं टायरचं दुकान आहे, आणि तीन वर्षं तो तिच्या झेंड्यामागून धावत होता. त्या वर्षी पहिल्यांदा तो चार तासांत येणार होता.

रस्ते शर्यतीसाठी बंद. टॅक्सीवाल्याने मला कुठेतरी लांब सोडलं, आणि तिथून मी, जन्मात न धावलेली बाई, पर्स काखेत धरून धावले.

शाळेच्या पायऱ्यांवर ती गुडघे जवळ घेऊन बसली होती. झेंडा तिने काढून नीट घडी करून शेजारी ठेवला होता. बत्तिसाव्या किलोमीटरला ती एकदम थांबली होती. मागची माणसं तिच्यावर आदळली. एक बाई पडली. कुणी ओरडलं, कुणी विचारलं, मग सगळे पुढे गेले. पंक्चरवाला तेवढा थांबला. आपला घामाने भिजलेला टॉवेल तिच्या खांद्यावर टाकून तो दोन पायऱ्या खाली बसून होता.

मी म्हटलं, "काय झालं गं? पाय दुखतोय का?"

ती म्हणाली, "वहिनी, ती बाई पडली. तिला लागलं का ते बघ ना."

"ती गेली पुढे. तुझं सांग."

"मला काही होत नाहीये," ती म्हणाली. "काहीच होत नाहीये."

त्या वेळी मला वाटलं, ती बरी आहे असं सांगतेय.

क्लबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारपर्यंत तिचा फोटो आला होता, पायऱ्यांवर बसलेली. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘घड्याळ बंद पडलं, सेल बदला.’ पुढे हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. आमचे हे फोन घेऊन भांडायला निघाले होते. मी त्यांना बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर गेली नाही. मी भांडी पुसत होते. ती टेबलापाशी बसून कपाकडे बघत म्हणाली, "शाळेच्या आधी पूल लागतो. पुलावर मला वाटलं, आता थांबावं. धावणंच नाही. सगळंच. आणि मग मागे एवढी माणसं आहेत हे आठवलं, म्हणून पूल ओलांडून थांबले."

असं काही ऐकलं की आपण विषय बदलतो, देवाचं नाव घेतो, नाहीतर रागावतो. माझ्या तोंडून सरळ प्रश्न गेला. "जीव द्यायचं मनात येतं?"

"येतं."

"कधीपासून?"

"नडगीपासून. आधीपण असेल. धावताना कळत नव्हतं."

मी हातातलं ताट ठेवलं आणि तिच्याजवळ बसले. म्हटलं, "आजपासून तू वर एकटी राहायचं नाहीस, रात्री मी तुझ्या खोलीत झोपेन. आणि आज आपण डॉक्टरांकडे जायचं." ती म्हणाली, "मला वेड लागलंय का?" मी म्हटलं, "मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की तू मला सांगितलंस, आणि आता हे माझंही आहे."

डॉक्टरांनी वजन केलं, रक्त तपासलं, औषध लिहून दिलं आणि एका मॅडमकडे पाठवलं. त्या मानसशास्त्रज्ञ. खेळाडूंचंच काम करतात. त्यांची खोली पोहण्याच्या तलावाच्या वर, सगळीकडे क्लोरिनचा वास. एके काळी त्या स्वतः लांब अंतर पोहायच्या. पहिल्या दिवशी मी बाहेर बसले. काटा पाऊण तासाने लाल चेहऱ्याने बाहेर आली. "परत यायचं नाही. काहीही विचारतात."

"काय विचारलं?"

"न धावलेल्या दिवशी तू कोण असतेस, म्हणे."

"मग काय सांगितलंस?"

जिना उतरून झाल्यावर ती म्हणाली, "काहीच सुचलं नाही." पुढच्या आठवड्यात ती स्वतःहून गेली.

मॅडमनी तिला गेल्या महिन्याचं धावणं आठवून लिहायला लावलं. धावलेल्या सव्वीस दिवसांपैकी एकोणीस दिवस ती फक्त घरात एकटं बसावं लागू नये म्हणून धावली होती. डॉक्टरांनी वजन आणि पाळी परत येईपर्यंत धावणं पूर्ण बंद केलं. दीड महिना तिने पाळलं. मग एक दिवस गच्चीत, टाकीच्या मागे, मला तिचे बूट वाळत घातलेले दिसले.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशी ही. मी तिला जिन्यातच गाठलं आणि नको ते बोलले. आम्ही तुझ्यासाठी जीव टांगणीला लावतो आणि तू चोरून धावतेस, असं. ती म्हणाली, "दारुड्याला दारू सोडायला तरी सगळे मदत करतात. मी धावते म्हणून मला बक्षीस देत होता तुम्ही." आणि वर जाऊन तिने दार लावून घेतलं. मी दाराबाहेर बसून मॅडमना फोन केला. त्या मला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ती दार उघडेपर्यंत तिथेच बसा. बोलू नका फार." पाऊण तासाने दार उघडलं. ती रडत होती. एवढ्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

नंतर सर घरी आले. खुर्चीच्या टोकावर बसले, टोपी हातात फिरवत. म्हणाले, "तू मला सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही." ती म्हणाली, "तुम्हाला तरी कुठे माहीत होतं?" सर म्हणाले, "मला माहीत होतं. माझंही झालं होतं एकदा. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मीही विचारायचं शिकलो नाही." आमच्या ह्यांनी चहा ढवळायचा थांबवला. दुसऱ्या आठवड्यापासून त्या मॅडम महिन्यातून एकदा क्लबात येऊन बसायला लागल्या. पहिल्या खेपेला तीनच माणसं आली. दोघं तर खुर्च्या लावायला आलेली.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी तिला वीस मिनिटं धावायची परवानगी दिली, आठवड्यातून तीनदा, आणि कुणाच्या तरी सोबत. पुढच्या शर्यतीच्या वेळी सर झेंडा घेऊन आले. तिने तो हातात घेतला, कापड चाचपलं आणि परत दिला. "पुन्हा कधी नेईन का, माहीत नाही," म्हणाली. सरांनी आग्रह केला नाही.

त्याच सुमारास पंक्चरवाला तिच्या कारखान्यात आला. चष्मा करायचा आहे म्हणाला. तिने नंबराचा कागद मागितला तर त्याच्याकडे कागदच नव्हता. मग तो यंत्राच्या आवाजात, तिच्याकडे न बघता म्हणाला, "ताई, मलाही ते होतं. त्या दिवशी मी थांबलो ते तुमच्यासाठी नव्हतं नुसतं. मलाही थांबायचं होतं." तिने यंत्र बंद केलं, मालकाकडून तासाची सुट्टी घेतली आणि त्याला तलावावर मॅडमकडे घेऊन गेली. बाहेरच्या बाकावर ती बसून राहिली.

आता ती बरी आहे का, असं लोक मला विचारतात. औषध चालू आहे. जेवते. काही आठवडे चांगले जातात, काही सकाळी तिला अंथरुणातून उठवत नाही. परवाच ती वरून खाली आली, कामाचे कपडे घालून, केस विंचरलेले, आणि दारात उभी राहून म्हणाली, "वहिनी, आज नाही जमत गं."

मी गॅस बंद केला आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.